शेवटची पंगत कुणाची?

माझ्या लेकीच्या लग्नात मी संध्याकाळी पावणेपाच वाजता जेवले. पहाटे पाचला कपभर चहा घेतला होता, त्यानंतर पोटात काही नव्हतं. पत्रावळीवर गार झालेलं वरण, तळाचा भात आणि चुरा झालेली बुंदी. माझ्या पंगतीला माझ्या दोन जावा, बहीण आणि पुऱ्या लाटायला आलेल्या चार बाया. आम्ही जेवत होतो तेव्हा मांडववाल्याची पोरं खुर्च्या गोळा करत होती. त्यातला एक म्हणाला, "मावशी, जरा आवरा की, दुसरीकडं मांडव टाकायचाय."

ही गोष्ट लातूरची, एप्रिल २०१६ मधली. ते वर्ष लातूरकर विसरणार नाहीत. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. त्यानंतर पंधरा दिवसांनी आमच्या घरी लग्न. कार्यालयवाल्याने आधीच सांगितलं होतं, पाण्याचं तुमचं तुम्ही बघा. टँकर विकत घेतला, पिण्याच्या पाण्याचे जार आणले. घरात त्याआधी दोन आठवडे आम्ही बायकांनी आंघोळीचं पाणी साठवून भांड्यांना वापरलं, भांड्यांचं पाणी संडासाला वापरलं. पाहुण्यांच्या बायकाही विचारून विचारून तांब्या भरायच्या.

त्या लग्नाच्या नियोजनाचा कागद मी अजून जपून ठेवला आहे. माझे यजमान आणि माझा भाऊ यांनी वहीच्या पानावर तो केला होता. सकाळी ७ नाष्टा, ९ वऱ्हाडाचं स्वागत, ११ परण्या, १२ सत्कार, १२.३५ अक्षता, १ ते ३ भोजन, ४ वाटे लावणे. समोरच्या रकान्यात जबाबदारी. तिथे तेरा माणसांची नावं आहेत. 'पाणी व्यवस्था' यापुढे तिघांची. बाईचं नाव एकही नाही. आणि '१ ते ३ भोजन' यात माझं जेवण कुठे होतं, ते मला आजतागायत सापडलेलं नाही.

प्रत्यक्षात अक्षता पडल्या दोन वाजून दहा मिनिटांनी. कारण सत्कार. आपल्याकडे आता ही रीतच झाली आहे. सरपंच आले, सत्कार. सभापती आले, सत्कार. कुणाचे साहेब आले, मग त्यांची शाल, त्यांचा नारळ, त्यांच्या दोन शब्दांचे वीस शब्द. एप्रिलच्या उन्हात, पत्र्याच्या मांडवाखाली माझी लेक शालू नेसून बसली होती. लहान पोरं रडत होती. आणि मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी आतल्या खोलीत होते, कारण वधूमाईने लेकीच्या डोक्यावर पडणाऱ्या अक्षता बघायच्या नाहीत अशी आमच्या घरातली पद्धत. जिला नऊ महिने पोटात वाढवलं, चोवीस वर्षं सांभाळलं, तिचं लग्न मी भिंतीपलीकडून ऐकलं.

मैत्रिणींनो, हे सगळं मी रडगाणं म्हणून सांगत नाही. तुमच्यातल्या बहुतेकींची कहाणी अशीच असणार. मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. आपण हुंड्यावर पुष्कळ बोललो. मोर्चे काढले, पथनाट्यं केली. 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ मध्ये आलं आणि त्याने किती गावांत बायकांना बोलतं केलं. कायदे बदलून घेतले. पण लग्नाच्या दिवशीचं वेळापत्रक आणि मांडणी याकडे आपण कधी प्रश्न म्हणून बघितलंच नाही. ते मांडववाल्याचं आणि आचाऱ्याचं काम, असं धरून चाललो. माझं म्हणणं असं, की कोणी किती वाजता जेवायचं, कोणी कुठे बसायचं, माईक कुणाच्या हातात, दारात हात जोडून कोण उभं राहणार, यातूनच दर लग्नात पाचशे माणसांसमोर बाईची जागा दाखवून दिली जाते. आणि मांडवात बागडणाऱ्या पोरी ते बघत असतात. पोथीत लिहिलेलं त्या वाचत नाहीत, हे मात्र बघतात.

आता दुसरी गोष्ट. डिसेंबर २०२४ मध्ये माझ्या मुलाचं लग्न झालं. सून नांदेडची, मुलगाही नांदेडला नोकरीला. दोघांनी ठरवलं, विशेष विवाह कायद्याने नोंदणी करायची. १९५४ चा हा कायदा. तीस दिवस आधी नोटीस द्यायची, मग विवाह अधिकाऱ्यासमोर दोघांनी आणि तीन साक्षीदारांनी सह्या करायच्या. साक्षीदार पुरुषच हवेत असं कायदा कुठेही म्हणत नाही. म्हणून एक साक्षीदार मी झाले, एक विहीणबाई, एक मुलाचा मित्र. विहीणबाईंनी पेन हातात घेतलं तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. "लेकीच्या लग्नात सही करायची असती, हे मला ठावंच नव्हतं," असं म्हणाल्या.

मला वाटलं, सुटले. ना कन्यादान, ना मानपान, ना परण्या. पण घरच्या मंडळींनी विचारलं, स्वागत समारंभ तर करावा लागेल की! मी म्हटलं, करू. आणि तिथेच सगळा घोळ सुरू झाला. नोंदणीच्या टेबलावर जे जे आपण पुढच्या दाराने घालवलं होतं, ते सगळं स्वागत समारंभाच्या निमित्ताने मागच्या दाराने आत यायला लागलं. धाकटे दीर म्हणाले, मुलाकडची माणसं पहिल्या रांगेत पाहिजेत. कुणी म्हणालं, मुलीकडच्यांनी निदान पाहुण्यांना टॉवेल-टोपी तरी करावी. आणि एका दूरच्या सासऱ्यांनी ते वाक्य उच्चारलं, जे मराठवाड्यातल्या प्रत्येक बैठकीत एकदा तरी ऐकू येतं: "आपल्याला हुंडा नको, फक्त लग्न चांगलं करून द्या म्हणावं."

हे वाक्य आपण नीट ऐकायला हवं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. १९८६ च्या दुरुस्तीने हुंडा घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला किमान पाच वर्षं कैद आणि पंधरा हजार रुपये किंवा हुंड्याच्या किमतीइतका, यापैकी जास्त असेल तो दंड, अशी शिक्षा झाली. म्हणून आता रोख रकमेचा उच्चार कुणी मोठ्याने करत नाही. 'चांगलं करून द्या' म्हणतात. त्यात कार्यालय आलं, पाचशे माणसांचं जेवण आलं, वऱ्हाडाच्या क्रूझर गाड्या आल्या, शेला-फेटे आले. 'दोन्ही अंगाने लग्न' म्हणजे दोन्हीकडचा खर्च मुलीच्या बापाच्या डोक्यावर. माझ्या मते हा हुंडाच आहे, फक्त तो हातात न देता ताटात वाढला जातो.

जानेवारी २०१६ मध्ये लातूर जिल्ह्यात अठरा वर्षांच्या एका मुलीने आणि एप्रिल २०१७ मध्ये एकवीस वर्षांच्या दुसरीने आपलं आयुष्य संपवलं. शेतकऱ्यांच्या लेकी. दोघींच्या चिठ्ठ्यांत बापाला न झेपणाऱ्या लग्नाच्या खर्चाचा आणि हुंड्याचा उल्लेख होता. माझ्या लेकीचं लग्न या दोन तारखांच्या मध्ये झालं. त्या दिवशी मांडवात किती पाने उठली याची बढाई आमच्याही घरात मारली गेली होती. म्हणून स्वागत समारंभ ही किरकोळ बाब आहे, असं मला कुणी सांगू नये.

तर या वेळी मी वरमाय होते. वरमाईचं कुणी मोडत नाही, हे आपल्या समाजाने बाईला दिलेलं एक दिवसाचं राज्य. म्हटलं, हे राज्य एकदा वापरून बघू. कागद मी घेतला. विहीणबाईंना फोन केला, खर्च निम्मा निम्मा ठरवला आणि आम्ही दोघींनी मांडणी केली.

पहिला प्रश्न वेळेचा. सगळ्यांना संध्याकाळी सात ते दहा हवं होतं, कारण रोषणाई उठून दिसते. मी विचारलं, लातूरहून नांदेडला यायला लोहा-अहमदपूर मार्गे तीन तास लागतात. माझ्या भावकीतल्या बायका दहाला जेवल्या तर परत कधी जाणार? उत्तर मिळालं, पुरुष मंडळी येतील, बायकांचं काय एवढं. बघा! वेळ ठरली की पाहुण्यांची यादी आपोआप कापली जाते, आणि कापली जातात ती बायकांची नावं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. दिवसाउजेडी कार्यक्रम असेल तर आमची जाऊ, चुलतबहीण, शेजारीण कुणाच्या गाडीची वाट न बघता एकटी येऊ शकते आणि दिवे लागायच्या आत घरी पोचू शकते. म्हणून रविवार, सकाळी अकरा ते दुपारी तीन. त्या दिवशी निम्म्याहून जास्त पाहुण्या बायका होत्या. त्यातल्या दोघी मला म्हणाल्या, नवऱ्याशिवाय लग्नाला यायची ही पहिलीच वेळ.

दुसरा प्रश्न पत्रिकेचा. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला, की १ मे २०२४ नंतर जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम राहील. आम्ही तोच क्रम पत्रिकेत घेतला. 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' काढून टाकलं. अजून लग्न व्हायच्या आधीच पोरीच्या नावामागे सौभाग्याची आशा लावायची आणि पोराला नुसतं चिरंजीव राहा म्हणायचं, हे मला कधी पटलंच नाही. निमंत्रकांच्या यादीत दोन्ही घरच्या सगळ्या बायकांची स्वतःच्या नावाने नावं घातली. छापखान्यातला मुलगा तीनदा फोन करून विचारत होता, "काकू, 'सौ. व श्री.' राहिलंय का?"

तिसरा प्रश्न व्यासपीठाचा. आपल्याकडे सहा फूट उंच स्टेज, त्यावर राजाराणीच्या खुर्च्या. नवरानवरी तीन तास उभी. पाहुणे रांगेत चढतात, फोटो काढतात, उतरतात. ओळख कुणाचीच होत नाही. आम्ही स्टेज घेतलंच नाही. खाली सतरंज्या आणि भोवती खुर्च्या, दोघांनी सगळ्यांत फिरून भेटायचं. सत्कार नाही, शाल-नारळ नाही, पुढाऱ्यांसाठी सोफा नाही. डीजे नाही. पहिल्या रांगेत दोन्हीकडच्या म्हाताऱ्या आणि त्यांत माझी थोरली नणंद.

नणंदेबद्दल थोडं सांगते. पस्तिसाव्या वर्षी त्यांचे यजमान गेले. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात त्या कोठीच्या खोलीत असतात. लाडू बांधतात, आहेराच्या पिशव्या भरतात, पण हळद लावायला, ओटी भरायला पुढे येत नाहीत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला आणि पुढे राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करण्याचं आवाहन केलं. ते परिपत्रक आमच्या मांडवापर्यंत कधी पोचणार? मी त्यांना म्हटलं, ताई, सुनेच्या गळ्यात पहिला हार तुम्ही घालायचा. त्या काही बोलल्या नाहीत.

चौथा प्रश्न जेवणाचा, आणि हा सगळ्यात मोठा. नांदेडला राहणाऱ्यांना लांब जायला नको. हुजूर साहिबच्या लंगरात जाऊन बसा. एका रांगेत सगळे जमिनीवर, वाढणारा सगळ्यांना सारखंच वाढतो. मुलाकडचे कोण, मुलीकडचे कोण, साहेब कोण, हे कुणी विचारत नाही. मग हेच नांदेड आपल्या लग्नात बायकांना शेवटच्या पंगतीला का बसवतं? बुफे लावला की समता आली, असं काहींना वाटतं. पण कडेवर लेकरू असलेल्या बाईने एका हातात ताट धरून कसं जेवायचं? आम्ही पंगतच ठेवली. पहिल्या पंगतीला लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या आणि लहान मुलं. दुसरीला ज्यांना लांब जायचं आहे ते. त्यानंतर बाकीचे. कार्यालयातली एक खोली हिरकणी कक्ष म्हणून वेगळी ठेवली, दाराला आतून कडी लागते की नाही ते स्वतः बघितलं. बायकांच्या संडासात पाणी आणि बादली आहे का, हेही बघितलं. कार्यालय ठरवताना पुरुषांनी लॉन बघितलं होतं, संडास कुणीच बघितले नव्हते.

पाचवी गोष्ट आहेराची. हे मात्र प्रत्येकीने लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची असते. वस्तू कोणती, अंदाजे किंमत काय, दिली कुणी, नातं काय. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराला मिळालेल्यांची वराने, आणि दोन्हींवर दोघांच्या सह्या. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलं आहे, की स्त्रीधनावर मालकी त्या बाईचीच. सासरच्यांकडे ते फक्त ठेव म्हणून असतं. पण भांडण होतं तेव्हा बाईच्या हातात कागद नसतो. आपल्याकडे टेबल टाकून आहेर लिहितात, पण ती वही जाते सासऱ्यांच्या कपाटात. आम्ही दोन वह्या केल्या. सुनेची वही सुनेच्या पिशवीत गेली.

आता सांगते, काय फसलं. कारण नुसतं यशाचं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, यांचं काय, यांच्या घरात चालतं.

बारा वाजता पहिल्या पंगतीची पानं मांडली. मी बायकांना म्हटलं, चला. कुणी उठेना. "आधी माणसांचं होऊ द्या की वहिनी, आम्ही काय, बसतो मागून." माझ्याच भावजया! मी हाताला धरधरून बसवलं तेव्हा अवघडून बसल्या, घाईघाईने जेवल्या, जणू चोरी करत होत्या. सवयीचं कुलूप वेळापत्रकाने उघडत नाही, हे त्या दिवशी कळलं.

पाऊण वाजता आमच्या दिरांनी कुठून तरी माईक मिळवला आणि एका पुढाऱ्यांचं स्वागत केलं. शाल त्यांनी गाडीतच आणून ठेवली होती. एकाचं झालं म्हणून दुसऱ्याचं झालं. सात जण. मी दाराजवळ उभी राहून मोजत होते. पाहुण्यांसमोर दिराच्या हातातला माईक काढून घ्यायची हिंमत मला झाली नाही. तीस वर्षं संघटनेत काम करून नाही झाली.

विहीणबाई खर्चात निम्म्याच्या भागीदार, पण दिवसभर दारात हात जोडून उभ्या. प्रत्येक पाहुण्याला विचारत होत्या, काही कमी पडलं नाही ना? मुलीची आई या नात्याने त्यांनी आयुष्यभर बघितलेलं तेच. मी दोनदा खुर्चीवर बसवलं, दोनदा उठल्या.

नणंद पहिल्या रांगेत बसल्या नाहीत. तिसऱ्या रांगेत कडेला बसल्या. हार त्यांनी घातला, पण पहिला नाही, आठवा की नववा. घालताना सुनेला म्हणाल्या, "माझा हात लागला तर चालतंय ना तुला?" सुनेने त्यांचा हात धरून ठेवला. मला तेवढ्याने खूप वाटलं, पण ती त्यांची गोष्ट आहे, मी तिचं भांडवल करणार नाही.

आणि पुऱ्या. मेन्यूत मी पुऱ्या ठेवल्या होत्या, कारण सगळ्यांना आवडतात. पुरी गरमच लागते. म्हणजे पंगत चालू असेपर्यंत कढईपाशी बाया लाटत बसणार. सगळ्यांचं जेवण अडीचला आटोपलं आणि त्या चौघी साडेतीनला जेवल्या. आचाऱ्याशी बोलताना कळलं, की वाढणाऱ्या गड्याला दिवसाचे आठशे आणि लाटणाऱ्या बाईला पाचशे. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, आणि २०२४ मध्ये माझ्या मुलाच्या लग्नात, माझ्या पैशातून, बाईला तीनशे रुपये कमी. फरकाचे पैसे आम्ही दोघी विहिणींनी भरले, पण ते ठरवताना विचारायला हवं होतं. शेवटची पंगत मी माझ्या घरच्या बायकांवरून उठवली आणि दुसऱ्या बायकांवर ढकलली, असंच त्याचं खरं वर्णन आहे. भाकरी किंवा पोळ्या आधी करून ठेवता आल्या असत्या, त्या गार झाल्या म्हणून कुणी उपाशी उठलं नसतं. मेन्यू लिहिताना आपण चुलीपाशी कोण किती वेळ बसणार तेही लिहीत असतो.

सगळ्यात शेवटची गोष्ट सांगायला मला जड जातं. आठ दिवसांनी सून आणि मी चहा घेत बसलो होतो. मी विचारलं, कसं वाटलं गं सगळं? ती म्हणाली, "छान झालं आई. पण माझ्या मैत्रिणींना गाणी म्हणायची होती, तासभर. त्यांनी तयारी केली होती. तुम्ही म्हणालात, उगं खर्च आणि वेळ, म्हणून मी बोलले नाही." खरंच, मी तिला विचारलंच नव्हतं. कागद यजमानांच्या हातातून माझ्या हातात आला, एवढंच झालं होतं. जिचं लग्न, तिचा त्यावर एक शब्द नव्हता. वरमाईचं राज्य मी चांगल्या कामासाठी वापरलं असेल, पण ते राज्यच होतं.

जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला, पुरोहिताशिवाय. जोतीरावांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत वधू स्वतः बोलते, बायकांच्या हक्काचं मागते. दीडशे वर्षांपूर्वी ज्याने लग्नाच्या विधीत बाईला तोंड दिलं, त्याच्या महाराष्ट्रात आज आपण नवरीला फक्त फोटोसाठी हसायला सांगतो.

२०२५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या एका सुनेच्या मृत्यूनंतर मराठा समाजाच्या ठिकठिकाणी बैठका झाल्या, लग्नांसाठी आचारसंहिता ठरल्या. पाहुणे कमी, डीजे बंद, लग्न वेळेवर. चांगलं आहे. आपण त्याला पाठिंबा द्यायला हवा. पण मी वाचलेल्या कलमांत मला कुठे दिसलं नाही, की वधूमाईने किती वाजता जेवावं, विधवा बहिणीने कुठे बसावं, पुऱ्या लाटणारीला किती द्यावं, आणि नवरीला काय हवं ते कोणी विचारावं. ही कलमं आपल्याशिवाय दुसरं कुणी घालणार नाही.

म्हणून एक विनंती. तुळशीचं लग्न झालं की पुन्हा तारखा निघतील. घरात लग्न ठरलं की वहीचं पान निघेल. ते पान लिहिताना तिथे जाऊन बसा. चहा देऊन परत फिरू नका. 'भोजन १ ते ३' एवढंच लिहू देऊ नका, कोण किती वाजता ते लिहायला लावा. कार्यक्रमाची वेळ अशी मागा, की एकटी बाई एसटीने येऊन उजेडात परत जाईल. आहेराची यादी दोन वह्यांत करा. आचाऱ्याला मजुरी बाईची वेगळी का, ते ठरवतानाच विचारा. आणि हे सगळं करायच्या आधी जिचं लग्न आहे तिला विचारा, तुला काय पाहिजे?

काय जमलं, काय फसलं, ते आम्हाला लिहून कळवा. फसलेलं आधी कळवा. आमच्या घरात पुढचं लग्न पुतणीचं आहे, फेब्रुवारीत, लातूरला. या वेळी कागद तिच्याकडे आहे. तिने पहिली ओळ लिहिली आहे: पुऱ्या नकोत.